मिठाचा हिशोब

सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या आणि चार अक्षरे लिहिणाऱ्या मुस्लिम माणसाला फेब्रुवारी महिना बोलावण्यांचा जातो. १९ तारखेला शिवजयंती असते. तिच्या आगेमागे शाळा, महाविद्यालये, तरुण मंडळे आम्हाला व्याख्यानाला बोलावतात. विषय विचारावा लागत नाही. तो ठरलेलाच असतो : ‘शिवरायांचे मुस्लिम सहकारी’. आम्ही जातो. गेली वीस-बावीस वर्षे जात आहोत. नूर बेग, सिद्दी हिलाल, आरमारातला दौलतखान, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा काझी हैदर ही नावे आता आम्हाला झोपेतही म्हणता येतात. यादीच्या शेवटी आम्ही एक खास नाव राखून ठेवत असू. शत्रूच्या दरबारात राहूनही महाराजांचा मित्र राहिलेला मिरजेचा सुभेदार रुस्तुमेजमान. या नावाला हमखास टाळ्या पडत. मग शाल, नारळ आणि परतीची एस.टी.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेत, टाळ्या संपल्यावर, नववीतली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, “सर, रुस्तुमेजमान पगार आदिलशहाचा घेत होता ना? मग आदिलशहाच्या शत्रूला मदत करणं ही बेइमानी नाही का? आणि ती बेइमानी असेल, तर तुम्ही त्याला चांगला का म्हणता?”

शिक्षकांनी तिला खाली बसवले. पाहुण्यांना असे प्रश्न विचारायचे नसतात, असेही सांगितले. आम्ही हसून “तो काळच तसा होता, बाळ,” एवढे म्हटले आणि सुटलो. पण एस.टी.त बसल्यावर सुटलो नसल्याचे लक्षात आले. पोरीने नेमक्या जागी बोट ठेवले होते. आम्ही वर्षानुवर्षे एका माणसाला इमानदारीचा दाखला म्हणून पुढे करत होतो, आणि तो माणूस आपल्या धन्याशी इमानदार नव्हता म्हणूनच आमच्या यादीत आला होता!

या लेखात आम्ही त्या मुलीला उशिरा उत्तर देत आहोत. आमच्या वाचकांनाही ते सांगावेसे वाटते, कारण ही यादी आपण सगळेच खिशात घेऊन फिरतो. कुणी रोखून पाहिले की पटकन काढून दाखवतो.

गोष्ट रहिमतपूरपासून सुरू करू. कोरेगाव तालुक्यातल्या या गावात एक जुनी मशीद आहे आणि शेजारी रणदुल्लाखानाचा म्हणून ओळखला जाणारा मकबरा आहे. जवळच एक उंच बुरूज आहे, त्यावर चढत जाणारी उतरण आहे. हत्तीकरवी पाणी वर चढवायचे आणि त्या उंचीच्या जोरावर मशिदीतले कारंजे उडवायचे, अशी ती सोय होती. माणदेशाचा दुष्काळ जिथून फार लांब नाही, तिथे कारंजे उडवणारा माणूस लहानसहान नव्हता हे उघड आहे. रणदुल्लाखान हा मुहम्मद आदिलशहाच्या काळातला विजापूरचा मातब्बर सरदार. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यात शहाजीराजे वेढले गेले, निजामशाही बुडाली, तेव्हा विजापूरच्या बाजूने वेढ्यावर होता तो हाच. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत आले आणि पुढे १६३७-३८ च्या कर्नाटकाच्या स्वारीत याच रणदुल्लाखानाबरोबर गेले. इक्केरीच्या नायकाला नमवले, केंपेगौडाकडून बंगळूर घेतले, आणि ते बंगळूर शहाजीराजांच्या वाट्याला आले. एकाच छावणीत, एकाच धन्यासाठी, दोन धर्मांचे दोन सरदार मोहिमेवर होते, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नव्हते.

रहिमतपूर स्टेशनात मिरजेकडे जाणारी गाडी धरली की मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत कृष्णेच्या खोऱ्यातून आपण सांगलीवरून मिरजेला उतरतो. बापाच्या कबरीपासून मुलाच्या राजधानीपर्यंतचा हा रस्ता आहे. रुस्तुमेजमान हे नाव नव्हे, किताब आहे : आपल्या जमान्याचा रुस्तम. रणदुल्लाखानाच्या मुलाकडे आदिलशाहीचा नैर्ऋत्येचा मुलूख होता. खाली रत्नागिरीपासून गोव्याला वळसा घालून कारवारापर्यंतचा किनारा, वर घाटावर कोल्हापूर आणि बेळगावचा भाग, आणि मुख्य ठाणे मिरज. बापांची छावणीतली दोस्ती मुलांमध्ये उतरली. रुस्तुमेजमान आणि शिवाजी महाराज यांचे आतून सख्य आहे हे त्या काळी इतके जगजाहीर होते, की इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतही त्याचा उल्लेख येतो.

या सख्याची परीक्षा १६५९ च्या डिसेंबरात झाली. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. त्या महिन्याच्या अखेरीस पन्हाळा महाराजांच्या हाती आला. विजापूरने फौज पाठवली, तिचा सेनापती रुस्तुमेजमान आणि त्याच्याबरोबर बापाच्या सुडाने पेटलेला फाजलखान. २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ लढाई झाली आणि विजापूरची फौज पार मोडली. सेनापती मनापासून लढलाच नाही, हा संशय तेव्हापासून त्याच्या नावाला चिकटला.

दुसरा प्रसंग १६६३ च्या मार्चमधला. शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. नेताजी पालकर मोगली मुलखात धुमाकूळ घालून परत येत असताना मोगलांची मोठी घोडदौड त्याच्या पाठीवर आली. विजापूरच्या बाजूला रुस्तुमेजमान त्या मोगल सरदारांना भेटला. हा मुलूख परक्यांना धोक्याचा आहे, तुम्ही मागे फिरा, नेताजीचा पाठलाग मी करतो, असे त्याने त्यांना पटवले. ते फिरले. नेताजी जखमी झाला, त्याची तीनेकशे घोडी गेली, पण तो निसटला.

आता या माणसाला काय म्हणायचे?

ज्या बाजूने उभे राहावे तसा निकाल लागतो. मराठी बखरीच्या बाजूने पाहिले तर तो दिलदार दोस्त. विजापूरच्या बाजूने पाहिले तर तो नमकहराम. आमच्या व्याख्यानातली गंमत अशी की ‘मुसलमान इमानदार असतो’ हे सिद्ध करायला आम्ही पहिल्या बाजूचा निकाल उचलत होतो. ज्या सरदारांनी आपल्या आदिलशहाचे मीठ शेवटपर्यंत राखले, त्यांना आम्ही ‘शत्रू’ म्हणून वगळत होतो. ज्याने राखले नाही, त्याच्यासाठी टाळ्या घेत होतो. आमच्याकडे दाखला मागणाराही खूश, देणारे आम्हीही खूश. मात्र या व्यवहारात ‘इमान’ या शब्दाचा अर्थ ‘आपल्या उपयोगी पडणे’ एवढाच उरला होता. नववीतल्या पोरीला ते दिसले, कारण तिला काही सिद्ध करायचे नव्हते.

हा घोटाळा फक्त मुसलमान सरदारांबाबत होतो असेही नाही. ज्या नेताजीला रुस्तुमेजमानाने १६६३ मध्ये वाचवले, तोच नेताजी १६६६ मध्ये महाराजांना सोडून आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेला. पुढे मुसलमान होऊन मुहम्मद कुलीखान झाला आणि १६७६ मध्ये परत आला. आमच्याच जिल्ह्यातल्या म्हसवडचा नागोजी माने कधी मोगलांकडे तर कधी मराठ्यांकडे होता, आणि १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांचा जीव गेला तो त्याच्या हातून. फलटणचे निंबाळकर, जावळीचे मोरे, जतचे डफळे, मुधोळचे घोरपडे या सगळ्यांनी कधी ना कधी आदिलशहाचे मीठ खाल्ले. कुणी सोडले, कुणी धरून ठेवले, कुणी दोन्हीकडे हात ठेवला. त्यांच्या वंशजांना आज कुणी फेब्रुवारी महिन्यात बोलावून ‘तुमच्या पूर्वजांची निष्ठा’ या विषयावर बोला म्हणत नाही. ते बरोबरच आहे. कुणालाच तसे म्हणू नये.

पण मुलीचा प्रश्न तरीही उरतो. राज्ये बुडत असताना, धनी बदलत असताना, हुद्द्यावरच्या माणसाने इमान कुणाशी राखायचे?

हा प्रश्न फक्त दख्खनचा नाही. विजापूरच्याही हजार-बाराशे वर्षे आधी तो रोमच्या पडझडीत उभा राहिला होता. तिथल्या एका उमरावाची हकिगत आम्हाला या निमित्ताने फार उपयोगी वाटते. त्याचे नाव लिबेरियस. ४७६ मध्ये पश्चिमेकडचा शेवटचा रोमन बादशहा पदच्युत झाला आणि इटलीवर ओडोआकर नावाच्या परक्या सेनापतीचे राज्य आले. तरुण लिबेरियसने त्याची चाकरी धरली. पुढे गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक चालून आला. युद्ध कित्येक वर्षे चालले. पारडे थिओडोरिककडे झुकते आहे हे दिसत असताना अनेकांनी उड्या मारल्या. लिबेरियसने मारली नाही. ओडोआकर ४९३ मध्ये मारला गेला. खुद्द थिओडोरिकने त्याला मेजवानीत बोलावून आपल्या हाताने मारले. त्यानंतरच लिबेरियस नव्या राजाच्या चाकरीत आला. आणि नव्या राजाने त्याला इटलीचा मुख्य कारभारी केले. पुढे त्या दरबाराचा चिटणीस कॅसिओडोरस याने राजाच्या वतीने लिहिलेल्या एका पत्रात या गोष्टीची तारीफ आहे : हा माणूस फितूर होऊन आमच्याकडे आला नाही, आमच्या शत्रूशी तो इमानाने वागला, म्हणून आमचा त्याच्यावर भरवसा बसला.

राजाला कळलेली ही गोष्ट लोकांना मात्र कळत नाही. जो काल तुमच्या शत्रूशी बेइमान झाला, तो आज तुमचा झाला म्हणून नाचायचे कशाला? त्याची सवय तर तीच आहे.

लिबेरियसच्या पुढ्यात आलेले काम सोपे नव्हते. जिंकून आलेल्या गॉथांना जमिनी द्यायच्या होत्या, आणि त्या रोमन मालकांच्या जमिनींतूनच काढायच्या होत्या. अशा वाटपात रक्ताचे पाट वाहतात. त्याने ते असे केले, की जिंकणारे आणि हरणारे शेजारी म्हणून राहू शकले, असे त्याच पत्रात म्हटले आहे. दरबारी पत्रात गोडवे असायचेच, ते थोडे कमी करून घ्यावेत. पण कोयनेच्या धरणात ज्यांची गावे गेली, त्यांच्या वाटपाच्या गोष्टी आमच्या जिल्ह्यात अजून ऐकू येतात. त्यामुळे असल्या कामात एक चांगला किंवा वाईट कारकून काय करू शकतो हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. राजा जातो, सातबारा राहतो. तो सातबारा नीट ठेवणाऱ्या माणसाने नव्या राजाच्या हाताखाली काम केले, म्हणून त्याला संधिसाधू म्हणायला आम्ही तयार नाही. सगळे इमानदार लोक जुन्या राजाबरोबर घरी बसले, तर रयत उरलेल्यांच्या हाती जाईल.

पुढे वीसहून अधिक वर्षे तो दक्षिण गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागाचा, कारभारी होता. त्याच्या आयुष्यातली खरी घडी म्हातारपणी आली. थिओडोरिक मेला होता. त्याची मुलगी अमलसुंथा हिला तिचाच भाऊबंद थिओडाहाड याने राजा झाल्यावर कैदेत टाकले. ही गोष्ट सावरून सांगायला त्याने कॉन्स्टँटिनोपलला बादशहा जस्टिनियनकडे वकील पाठवले, त्यांत लिबेरियस होता. दुसरा वकील ओपिलिओ याने धन्याची बाजू राखली, राणीला काही त्रास नाही म्हणून सांगितले. लिबेरियसने घडले तसे सांगितले. प्रोकोपियस या इतिहासकाराने त्याच्या सचोटीची खास नोंद केली आहे. त्यानंतर लिबेरियस इटलीत परतला नाही. उतारवयात त्याने बादशहाची चाकरी धरली, इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाचा कारभार पाहिला, सिसिलीच्या मोहिमेवर गेला. एवढे सगळे करून अखेर त्याला माती मिळाली ती इटलीतच, रिमिनी गावात.

म्हणजे ज्याने पहिल्या धन्याला शेवटपर्यंत सोडले नाही, त्याने शेवटच्या धन्याला भर दरबारात तोंडघशी पाडले. हे कसे जुळवायचे?

आम्हाला वाटते, ते जुळते. वकील म्हणून त्याला जी जबान दिली होती ती खोटे बोलण्यासाठी नव्हती. थिओडाहाडाने त्याच्याकडून मिठाच्या मोबदल्यात खोटी साक्ष मागितली, आणि ती मिठात येत नाही. त्याने ते अंधारात केले नाही. आणि किंमत स्वतः दिली : हुद्दा, मुलूख, घर. इथेही हिशोब पूर्ण स्वच्छ नाही, हे मान्य केले पाहिजे. अमलसुंथा पुढे मारली गेली, तिच्या नावाने जस्टिनियनने इटलीवर फौजा घातल्या, आणि जवळजवळ वीस वर्षांच्या त्या युद्धात इटलीची राखरांगोळी झाली. खरे बोलणाऱ्याच्या शब्दाचे पुढे कोण काय करील, हे त्याच्या हाती राहत नाही. पण निदान त्याने आपल्या भरवशावर असलेल्या कुणाला पुढे करून स्वतःची कातडी वाचवली नाही.

इथे आम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आजवर व्याख्यानात सांगितली नाही, कारण तिला टाळ्या पडत नाहीत.

आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही दादामियाँ म्हणत असू, इंग्रजी अमलात पोलीस शिपाई होते. साल १९४३-४४. तेव्हा आजचे सातारा आणि सांगली हे एकाच जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. मघाशी ज्या रेल्वेने आपण रहिमतपूरहून मिरजेला गेलो, तिच्यावरच शेणोलीजवळ १९४३ च्या जूनमध्ये सरकारी पैशांची गाडी लुटली गेली होती. रात्रीबेरात्री भूमिगतांसाठी वाड्या-वस्त्यांवर झडत्या होत. दादामियाँ आपल्याच ओळखीच्या गल्ल्यांतून झडतीला जात. गल्लीच्या तोंडाशी आले की ते मोठ्याने खोकत. दम्याचा असावा तसा लांबलचक खोकला. तेवढ्यात आत कुणी असेल तर परसातून उसात पसार होई.

लहानपणी आम्हाला ही गोष्ट फार आवडे. आम्ही विचारत असू, “दादामियाँ, तुम्ही इंग्रजांना फसवलंत?” ते म्हणत, “पगार सरकार का, गाँव अपना.” आणि एवढ्यावर थांबत. स्वातंत्र्यानंतर कुणीतरी त्यांना सुचवले, की स्वातंत्र्यसैनिकाच्या मानधनासाठी अर्ज करा, साक्षीदार मिळतील. ते म्हणाले, “खोकल्याची पेन्शन मागू?” ही गोष्टही घरात हसून सांगितली जाई.

गोष्टीचा उरलेला भाग त्यांनी फार उशिरा, अंथरुणाला खिळल्यावर सांगितला. झडत्या सारख्या फुकट जाऊ लागल्यावर वरच्या साहेबाला संशय आला. दादामियाँवर नाही. ते पाच वक्ताचे नमाजी, कमी बोलणारे, आणि त्या साहेबाच्या डोक्यात असे होते की मुसलमान शिपाई काँग्रेसवाल्यांना कशाला मदत करील? संशय आला तो त्यांच्या जोडीदारावर, जवळच्याच गावातल्या एका हिंदू शिपायावर. त्याला बूट काढून ठाण्यात उभे केले, मारले आणि नोकरीवरून कमी केले. त्याला तीन लहान मुले होती. दादामियाँ गप्प राहिले. ते म्हणाले, “मी खोकलो, आणि पगार त्याचा गेला.” पुढे कितीतरी वर्षे, दर सुगीला, ते त्या घरी एक पोते ज्वारी पाठवत. का पाठवतात हे त्या घरालाही माहीत नव्हते आणि आम्हालाही. तो माणूस ज्वारी घेत होता आणि दुवा देत होता. ती दुवा त्यांना सोसत नव्हती.

दादामियाँनी चूक केली का? भूमिगत पोरांना पळू देण्यात आम्हाला चूक दिसत नाही. परक्या सरकारचे मीठ हे मुळात इथल्याच रयतेच्या घामाचे होते, आणि त्या रयतेच्या पोरांना फासावर द्यायचे ऋण त्या मिठाने चढत नाही. चूक झाली असेल तर ती दुसऱ्या दिवशी, जोडीदाराला मारत असताना गप्प राहण्यात. खोकल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना तो दुसरा दिवस माहीत नसतो. दादामियाँना मरेपर्यंत तोच एक दिवस माहीत होता.

ही मोजपट्टी घेऊन पुन्हा रुस्तुमेजमानाकडे गेलो, तर त्याची दोन कामे वेगळी दिसू लागतात. १६६३ मध्ये त्याने नेताजीला वाचवले तेव्हा फसवले मोगलांना. ते त्याचे धनी नव्हते, आणि त्याच्या धन्याच्या राज्यावर त्यांचाच डोळा होता. दोस्ताचा माणूस जगला, आपला कुणी मेला नाही. या कामाला बेइमानी म्हणायला आम्ही धजणार नाही. पण कोल्हापूरच्या रणात तो सेनापती होता. त्याच्या हुकमावर माणसे उभी होती. मिरजेच्या, रायबागेच्या, हुक्केरीच्या मुलखातले कुणबी, पठाण, धनगर, शेख, सगळे त्याच्या भरवशावर घोड्यावर बसले होते. आपला सेनापती जिंकायला आलेला आहे, असे ते समजत होते. संशय खरा असेल, तर दोस्तीची किंमत त्याने दिली नाही, त्यांनी दिली. त्याला लढायचे नव्हते तर सुभेदारी आदिलशहाच्या पायाशी ठेवून ‘दोस्तावर हत्यार उचलणार नाही’ असे सांगता येत होते. डोके गेले असते, निदान जहागीर गेली असती. पण गेली असती ती त्याची. महाराजांसाठी तो भला होता, आणि आपल्या शिपायांसाठी नव्हता. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

धनी बदलणे हाच गुन्हा, असे म्हणणाऱ्यांना आम्ही शर्झाखानाची आठवण देऊ. सय्यद मखदूम शर्झाखान हा विजापूरचा नामांकित लढवय्या. मिर्झाराजे जयसिंह चालून आले तेव्हा त्यांच्याशी लढला, औरंगजेबाचा वेढा पडला तेव्हाही राज्य राखायला उभा राहिला. १२ सप्टेंबर १६८६ रोजी कोवळा सिकंदर आदिलशहा शरण गेला आणि राज्यच उरले नाही. त्यानंतर शर्झाखान मोगलांच्या चाकरीत गेला, रुस्तमखान झाला. २५ मे १६९० रोजी याच साताऱ्याजवळ मराठ्यांनी त्याला बायकामुलांसह पकडले आणि मोठा दंड घेऊन सोडले. लिबेरियसच्या हिशोबाने त्याचे धनी बदलणे उघड होते, राज्य बुडाल्यावरचे होते. तरी एक काटा सलतोच. ज्याचे मीठ त्याने आधी खाल्ले तो सिकंदर नव्या धन्याच्या छावणीत कैदी होता. साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाने वेढा घातला होता तेव्हा, एप्रिल १७०० मध्ये, त्याच छावणीत तो तरुण वयात मेला. अजिंक्यतारा आम्हाला आमच्या घराच्या खिडकीतून दिसतो. विजापूरचा शेवटचा सुलतान त्याच्या पायथ्याच्या मुलखात कैदी म्हणून वारला, हे आमच्याही फार लोकांना माहीत नाही. त्याच्या नावाची यादी कुणी करत नाही, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नाही.

हे सगळे आज कशाला उकरायचे? याचे कारण मिरजच आहे. २००९ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवात, अफजलखानाच्या वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून याच मिरजेत दंगल पेटली. संचारबंदी लागली, लोण सांगलीपर्यंत पोहोचले. ज्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत, ज्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडतात, ती मिरज घरात कोंडून बसली. त्या चित्रात दोनच माणसांना जागा होती : मारणारा आणि मरणारा. त्या वेळी मिरजेचा सुभेदार कोण होता आणि तो कुणाचा दोस्त होता, हे कमानीवर मावत नाही. कमानीला दोनच बाजू लागतात. आणि आमची वाईट सवय अशी, की कमान पाहून आम्हीही घाईघाईने आमची यादी काढतो आणि तिसऱ्या माणसालाही कुठल्यातरी एका बाजूला चिकटवून टाकतो.

आज आपल्यातले कितीतरी जण तलाठी आहेत, शिक्षक आहेत, पोलीस आहेत, नर्स आहेत, बँकेच्या खिडकीत आहेत. त्यांना अधूनमधून कुणीतरी विचारते, तुम्ही नक्की कुणाचे? याचे उत्तर यादी वाचून देऊ नये. ज्याच्या हाती कारभार असतो त्याच्याकडे माणसे सोपवलेली असतात, आणि ती अमानत आहे. मीठ राजाच्या हातून मिळत असले तरी पिकते रयतेच्या शेतात, म्हणून शेवटचा हिशोब रयतेला द्यायचा. चाकरीत नाही म्हणायची वेळ आली तर उघड म्हणावे, आणि त्याचे बिल शेजाऱ्याच्या नावावर फाडू नये. एवढे ज्याला जमले त्याला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. ज्याला जमले नाही त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कुठलाही सरदार वाचवू शकत नाही.

त्या मुलीला आमचे उत्तर असे : होय बाळ, कोल्हापूरच्या लढाईत तो मनातून लढला नसेल, तर ती बेइमानी होती. आदिलशहाशी थोडी, आणि त्याच्या भरवशावर घोड्यावर बसलेल्यांशी फार. नेताजीला त्याने वाचवले ते मात्र चांगले केले. आम्ही त्याला नुसता ‘चांगला’ म्हणत होतो, कारण आम्हाला तो हवा होता. तुला तो नको होता, म्हणून तू बरोबर विचारलेस.

यंदा फेब्रुवारीत बोलावणे आले तेव्हा आम्ही कळवले, की यादी वाचणार नाही, एका पोलीस शिपायाच्या खोकल्याची आणि एका पोते ज्वारीची गोष्ट सांगू. संयोजक थोडे घुटमळले. मग म्हणाले, “या.” आम्ही गेलो. टाळ्या कमी पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पाठीमागे बसलेला खाकी कपड्यातला एक तरुण हवालदार जवळ आला. आम्हाला वाटले, आता रागावणार. त्याने एवढेच विचारले, “त्या जोडीदाराला पुढं कुणी खरं सांगितलं का, साहेब?”

नाही, कुणी सांगितले नाही. तो १९७० च्या आसपास गेला. ज्वारी त्यानंतरही काही वर्षे त्याच्या घरी जात होती.